विसूचिका, पेज आणि सलाइनची बाटली

गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं जो प्रसंग गुदरला, तो लिहावा कीं न लिहावा याचा विचार मी बरेच दिवस करीत होतों. त्यांत चूक माझी होती, आणि ती अज्ञानाची नसून अर्धवट ज्ञानाची होती, हें कबूल करण्यास संकोच वाटतो. परंतु ही चूक एकट्या माझ्याच घरीं होत असेल असें मला वाटत नाहीं, म्हणून लिहितों.

जयगडास गणपतीचे दिवस म्हणजे घरोघर चाकरमान्यांची गर्दी. कोणी मुंबईहून, कोणी पुण्याहून, कोणी तवसाळच्या बाजूनें फेरीबोटींत गाडी चढवून खाडी ओलांडून येतात. माझ्या पुतण्याचा मुलगा, वय वर्षें २८, पुण्यास नोकरीस असतो. तो चतुर्थीच्या आदल्या दिवशीं आला. वाटेंत एके ठिकाणीं बर्फ घातलेला उसाचा रस, दुसऱ्या ठिकाणीं भजीं व ओल्या नारळाची चटणी, असा त्याचा फराळ झाला होता. ऋषिपंचमीच्या रात्रीं अकराच्या सुमारास त्याचें पोट बिघडलें. पहाटेपर्यंत जुलाब पंधरा-सोळा झाले. वांत्या किती झाल्या तें कोणी मोजलें नाहीं. शेवटीं शेवटीं तर मळ असा राहिलाच नाहीं, तांदुळाच्या धुवणासारखें पाणी तेवढें पडूं लागलें.

घरांतील वडील मनुष्य म्हणून सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं सांगितलें, “लंघन हें परम औषध. पोट रिकामें होऊं द्या. आतां पाणी दिलें तर तें उलटून पडेल आणि जुलाब वाढतील.” वहिनींचें, म्हणजे त्या मुलाच्या आजीचें, म्हणणें निराळें होतें. मीठ घातलेली पातळ पेज चमच्याचमच्यानें देत राहावी, असें त्या दोनदां म्हणाल्या. मीं दोन्ही वेळां ऐकलें नाहीं. मुलगा पाणी मागत होता. त्यास ओठ ओले करण्यापुरतें दिलें, अधिक नाहीं. पहाटे वहिनी माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन म्हणाल्या, “भाऊजी, मध्यरात्रीपासून पोरगा लघवीला गेलेला नाहीं. आणि आतां तो पाणीही मागेनासा झाला आहे.”

मी उठून पाहतों तों मुलाचे डोळे खोल गेलेले, गालफडें बसलेलीं, आवाज इतका बारीक कीं तोंडाशीं कान न्यावा लागला. हात बर्फासारखे गार. बोटांची कातडी, तासन् तास पाण्यांत काम केल्यावर होते तशी, सुरकुतलेली. पिंडऱ्यांत गोळे येऊन तो कण्हत होता. त्याच्या पोटावरील कातडी वहिनींनीं चिमटींत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. हळूहळू खालीं बसली. पुतण्यानें गाडी काढली.

जयगडाहून रत्नागिरीस जाण्यास वळणावळणाच्या रस्त्यानें तासाहून अधिक वेळ लागतो. पाऊस झोडपीत होता. त्या वाटेवर मला माझ्या आजीची एक गोष्ट आठवली. तिच्या लहानपणीं गांवांत पटकीची सांथ आली होती व तींत तिचा धाकटा भाऊ गेला. तो दिवसभर पाणी मागत होता आणि मोठीं माणसें देत नव्हतीं. आजी स्वतः तांब्या घेऊन त्याच्याकडे निघाली, तेव्हां तिच्या हातांतून तो काढून घेतला. ही हकीकत सांगतांना ती कोणाला दोष देत नसे. जाणत्या माणसांनींच तसें सांगितलें होतें, एवढेंच म्हणे. आमच्या घरांतील जाणता मनुष्य आतां गाडीच्या पुढच्या आसनावर बसला होता.

इस्पितळांत डॉक्टरांनीं मनगटाची नाडी पाहिली, ती हातास लागेना. त्यांनीं अधिक कांहीं विचारलें नाहीं. दोन्ही हातांच्या शिरांत दोन सुया घालून रिंगर लॅक्टेट नांवाच्या द्रवाच्या बाटल्या दोन्हीकडून भरभर सोडल्या. आमच्या सूनबाईंनीं, म्हणजे मुलाच्या आईनें, दोन बाटल्या संपलेल्या पाहून विचारलें, “आतां घरीं नेतां येईल ना?” डॉक्टर म्हणाले, “अजून निदान दहा लागतील.” आम्हांस ती अतिशयोक्ति वाटली, पण तो सरळ हिशेब होता. इतक्या कोरड्या पडलेल्या रोग्यास वजनाच्या दर किलोस १०० मिलिलिटर द्रव द्यावा लागतो, त्यांतील ३० पहिल्या अर्ध्या तासांत आणि उरलेला ७० पुढील अडीच तासांत. (एक वर्षाच्या आंतील मुलास हाच द्रव अधिक सावकाश, सहा तासांत देतात.) आमच्या मुलाचें वजन ५८ किलो. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासांत पावणेदोन लिटर, पुढें चार लिटरांहून थोडा अधिक, मिळून अर्ध्या लिटरच्या जवळजवळ बारा बाटल्या. एवढें पाणी एका रात्रींत त्याच्या अंगांतून निघून गेलें होतें, आणि मी त्यास ओठ ओले करण्यापुरतें पाणी देत बसलों होतों!

पाऊण तासानें नाडी लागली. थोड्या वेळानें मुलानें डोळे उघडून पाणी मागितलें. या खेपेस परिचारिकेनें त्यास साखर-मिठाच्या पुडीचें पाणी पेल्यानें दिलें, आणि बाटली शिरेंत चालू असतांच दिलें. दुपारीं लघवी झाली, तेव्हां वहिनींनीं देवास हात जोडले. मळाच्या तपासणींत पटकीचा जंतु निघाला नाहीं. प्रवासांत बाधणाऱ्या जुलाबांचें सर्वांत मोठें कारण म्हणजे एश्चेरिशिया कोलाय या जंतूची विष सोडणारी जात; बहुधा तिचेंच हें काम असावें, असें डॉक्टर म्हणाले. परदेशी पाहुण्यांस आपल्या देशांत हे जुलाब होतात हें सर्वांस ठाऊक असतें. पण सवयीचें पाणी सोडून चार गांवचें पाणी पिणारा आपला माणूसही या बाबतींत प्रवासीच असतो, हें आपल्या लक्षांत येत नाहीं.

इस्पितळाच्या बांकावर बसल्या बसल्या मला एक शब्द सुचत राहिला. सूची म्हणजे सुई. ज्या रोगांत अंगांत सुया टोंचल्यासारखी वेदना होते, त्यास आपल्या प्राचीन वैद्यांनीं विसूचिका असें नांव दिलें. क्षार व पाणी निघून गेल्यानें स्नायूंत जे गोळे येतात, त्यांचीच ती वेदना असली पाहिजे. आणि त्या रोगावरचा उतारा आज सुईंतूनच आंत जातो.

हा उतारा हातीं येण्यास फार काळ लागला. १८१७ सालीं बंगालांतील जेसोरच्या बाजूस पटकीची मोठी सांथ उठली, १८१८ त ती आपल्या मुंबई इलाख्यांत पोंचली, आणि १८३१ त थेट विलायतेंत. तेथील डॉक्टरांची तऱ्हा आपल्या वैद्यांहून बरी होती असें समजूं नये. ज्याच्या अंगांत थेंबभर पाणी उरलें नाहीं अशा रोग्याचें ते वर रक्त काढीत. विल्यम ओशॉनेसी नांवाच्या बावीस वर्षांच्या तरुणानें अशा रोग्यांचें रक्त तपासून दाखविलें कीं, त्यांतील पाणी, मीठ व क्षार हींच नाहींशीं झालीं आहेत. (हाच गृहस्थ पुढें कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानांत तारायंत्राची व्यवस्था यानेंच उभारली.) त्याचें लिखाण वाचून एडिंबरोजवळच्या लीथ येथील टॉमस लॅटा या डॉक्टरानें १८३२ सालीं एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेंत मीठ व सोडा घातलेलें पाणी अर्ध्या तासांत सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांहून अधिक सोडलें. तिचे डोळे उघडले, आवाज आला, हातपाय ऊन झाले. लॅटा समाधानानें तिला इस्पितळांतील डॉक्टरांच्या स्वाधीन करून निघून गेला. जुलाब पुन्हां सुरू झाले, पाणी पुन्हां कोणी दिलें नाहीं, आणि साडेपांच तासांत ती बाई वारली.

ही हकीकत मला फार बोधक वाटते. लॅटाची विद्या खोटी नव्हती. परंतु गळक्या घागरींत पाणी एकदां भरून भागत नाहीं. गळती चालू आहे तोंवर भरणेंही चालू ठेवावें लागतें. दुसऱ्याच वर्षीं लॅटा वारला. त्या वेळीं जंतूंचें ज्ञान नव्हतें, पाणी उकळून शुद्ध करण्याची रीत नव्हती, आणि हा उपाय बहुतेक मरणाच्या दारीं पोंचलेल्यांवरच करीत. त्यामुळें तो मागें पडला. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास सर लिओनार्ड रॉजर्स यांनीं तो शास्त्रशुद्ध रीतीनें पुन्हां सुरू केला, आणि पटकीनें मरणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा साठांच्या घरांतून तिसांच्या घरांत उतरलें.

तथापि बाटली, सुई व ती टोंचणारा जाणता मनुष्य हीं तिन्ही वेळेवर मिळतील तेव्हां खरें. खेडेगांवाला, यात्रेला, लढाईच्या छावणीला तीं कोठून मिळणार? पुढचीं पावलें बंगालांतच पडलीं, आणि बहुतेक आपल्या लोकांनीं टाकलीं. १९५३ सालीं हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं पटकीच्या रोग्यांस तोंडावाटें मीठ व ग्लुकोज यांचें पाणी देऊन गुण आल्याचें ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्याबरोबर ते जुलाबावर पानओव्याच्या पानांचा रस देत. आमच्या परसांत त्याचें एक झाड आहे, आणि आम्ही त्याचीं भजींच करीत आलों! शंभुनाथ डे यांनीं सशाच्या आंतड्यावर प्रयोग करून १९५९ त सिद्ध केलें कीं, पटकीचा जंतु आंतडें फाडीत नाहीं. तो एक विष सोडतो व त्या विषानें आंतड्यांत पाणी पाझरूं लागतें. प्रवासांतील जुलाबांच्या जंतूचें विष याच जातीचें. १९६० त रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें दुसरें कोडें उलगडलें. आंतड्याच्या अस्तरांतून ग्लुकोज आंत जातें तें मिठांतील सोडियमचा हात धरून जातें, आणि त्यांच्या मागून पाणी जातें. हें दार विसूचिकेंतही उघडें असतें. म्हणून नुसतें पाणी प्यालें तर फारसें आंत शोषलें जात नाहीं, नुसतें मिठाचेंही नाहीं. साखर व मीठ योग्य प्रमाणांत एकत्र असलें म्हणजे जातें.

या ज्ञानाची खरी परीक्षा १९७१ त झाली. बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगांव येथें पटकी उसळली. इस्पितळाची जमीन रोग्यांनीं भरून गेली. शिरेंतून द्यावयाचा द्रव संपत आला. तेथें असलेले डॉक्टर दिलीप महालनवीस यांनीं कलकत्त्याहून मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या करून आणविल्या, पिंपांत पाणी कालवलें आणि रोग्यांच्या नातलगांच्या हातीं पेले दिले. जो अगदीं निपचित पडला असेल त्यास आधीं शिरेंतून, बाकीच्यांस तोंडानें. त्या छावण्यांत शेंकडा तिसांच्या आसपास माणसें दगावत होतीं; महालनवीसांच्या देखरेखीखालीं तें प्रमाण ३.६ वर आलें. हे गृहस्थ २०२२ सालीं निवर्तले आणि २०२३ त त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. ज्या पेल्यानें एवढीं माणसें वांचविलीं, तो नातलगांच्या हातांत होता, परिचारिकेच्या नव्हे, हें मला त्यांत सर्वांत मोलाचें वाटतें.

आतां आपल्या घरांतील समजुतींकडे वळूं. त्या दोन टोकांच्या आहेत. एक माझी, पाणी तोडण्याची. तिला मी शास्त्राचा आधार समजत होतों. परत आल्यावर चरकसंहिता काढून अतिसारचिकित्सा पुन्हां वाचली. तींत लंघन आहे खरें. पण तहानेल्या रोग्यास नागरमोथा व पित्तपापडा, किंवा वाळा व सुंठ, घालून उकळलेलें पाणी पाजावें असेंही तेथेंच आहे, आणि भूक लागतांच हलकें अन्न द्यावें असेंही आहे. चाळीस वर्षांपूर्वीं मीं तें वाचलें होतें. लक्षांत राहिलें तें फक्त उपाशी ठेवणें.

दुसरी समजूत याच्या उलट. जरा थकवा आला, लग्नकार्य आटोपलें, ताप उतरला, कीं “डॉक्टर, एक सलाइन लावा, अंगांत जरा ताकद येईल.” साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलींत साडेचार ग्रॅम मीठ असतें, आणि बाकी पाणी. ग्लुकोजच्या बाटलींत पंचवीस ग्रॅम साखर. तिचे उष्मांक शंभरही भरत नाहींत. जो मनुष्य तोंडानें पिऊं शकतो, त्यानें सुई टोंचून घेऊन लिंबाच्या सरबताचे पैसे शंभरपट मोजूं नयेत. शिवाय सुईवाटें जंतु जाण्याचें भय आहेच, आणि ज्यांचें हृदय किंवा मूत्रपिंड दुबळें आहे अशा वृद्धांच्या छातींत हें पाणी सांचून श्वास कोंडतो. ज्याला खरोखर बारा बाटल्या लागतात त्याला आपण सकाळपर्यंत थांबवितों, आणि ज्याला एकही नको तो एक मागून घेतो, असा हा उफराटा व्यवहार आहे.

आमच्या घरीं आतां जें ठरलें आहे तें सांगतों. ओआरएसच्या पुड्या देवघराबाहेरच्या कोनाड्यांत नेहमीं असतात. पुडी पुरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत कालवावयाची, अर्धी-पाव करावयाची नाहीं, आणि चोवीस तासांनंतर उरलेलें पाणी टाकून द्यावयाचें. पुडी घेतांना तीवर जागतिक आरोग्य संघटनेचें प्रमाण लिहिलेलें आहे ना, हें वाचून घ्यावें. खोक्यांतून मिळणाऱ्या गोड पेयांत साखर फार असते व तिनें जुलाब वाढूं शकतात. असल्या पेयांच्या वेष्टनावर ओआरएस हीं अक्षरें छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०२५ सालीं मनाई केली, ती उगीच नव्हे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यास चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन पाहावी. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलें तर तें टाकून नवें करावें. वांती झाली तरी थांबावयाचें नाहीं. दहा मिनिटें जाऊं द्यावीं आणि पुन्हां चमच्याचमच्यानें सुरू करावें. अंगावरच्या मुलास आईचें दूध चालूच ठेवावें. लहान मुलांस डॉक्टर दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले म्हणून मध्येंच सोडूं नयेत. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांच्या बाबतींत मात्र आरंभींच डॉक्टरांस विचारावें.

आणि केव्हां निघावयाचें? सहा तास लघवी नाहीं, पाणी पोटांत राहतच नाहीं, हातपाय गार पडले, मनुष्य गुंगूं लागला, मळांत रक्त दिसलें, किंवा जोराचा ताप आहे, यांपैकीं एकही गोष्ट दिसली तर पंचांग, पाऊस व रात्र कांहीं पाहावयाचें नाहीं. सर्वांत वाईट लक्षण म्हणजे तहानेल्या रोग्यानें पाणी मागणें सोडून देणें. आपल्यास तें बरें वाटल्याचें चिन्ह वाटतें. वहिनींना तसें वाटलें नाहीं, म्हणून तो मुलगा आज पुण्यास आहे.

वहिनींच्या पेजेविषयीं मीं डॉक्टरांस विचारलें. ते म्हणाले, तांदुळाच्या पिठुळाचें पोटांत हळूहळू ग्लुकोजच होतें. पातळ पेजेंत लिटरमागें अर्धा सपाट चमचा मीठ घातलें तर पुडी मिळेपर्यंत तें उत्तम. हें मीं घरीं येऊन सर्वांसमक्ष सांगितलें. वहिनी म्हणाल्या, “मी काय निराळें सांगत होतें?” आणि गौरीच्या नैवेद्याचे तांदूळ निवडूं लागल्या.

विहिरींत टीसीएल पावडर केव्हां व किती टाकावी, आणि ती टाकल्यावर लागलीच पाणी उपसणाऱ्यांचें काय करावें, याविषयीं पुढील खेपेस लिहीन.